कलौंजी, हळद आणि अब्बांचे इंजेक्शन

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. नाव-गाव छापू नका, असे तिने बजावले आहे, म्हणून छापत नाही. पत्राचा सारांश असा: "अब्बांचे वय ६९. दीड वर्षापूर्वी त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर असल्याचे कळले. हाडांतही थोडा पसरलेला होता. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन सुरू झाले. त्याने अंगातून गरम वाफा निघायच्या, ताकद राहायची नाही, चिडचिड व्हायची. रमजानच्या आधी भाईजानच्या मोबाइलवर मेसेज आला की, कलौंजीतल्या एका द्रव्याने प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी मरतात, हे अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. तेव्हापासून कलौंजीचे तेल, हळदीच्या कॅप्सूल आणि डाळिंबाचा रस चालू आहे. इंजेक्शन बंद. शेवटचे घेतले त्याला पाच महिने झाले. मागच्या आठवड्यात पीएसए तपासले, ते कमीच आले. भाईजान म्हणतात, बघ, असर होतोय. अम्मीही त्यांच्याच बाजूला. मला एकटीलाच भीती वाटते. माझा ईमान कमजोर आहे का?"

बहीण, तुमच्या ईमानात काही कमी नाही आणि तुमची भीती रास्त आहे. पण भाईजानना आलेला मेसेजही अगदी खोटा नाही. तो साफ खोटा असता तर माझे काम सोपे होते. तो अर्धा खरा आहे, म्हणून आज जरा सविस्तर लिहावे लागणार.

आधी ही ग्रंथी कुठे असते ते पाहू, कारण आपल्या घरांत तिचे नावही कोणी घेत नाही. प्रोस्टेट फक्त पुरुषांना असते. मूत्राशयाच्या खाली, अक्रोडाएवढी. लघवीची नळी तिच्या मधोमध जाते. वय वाढले की ही ग्रंथी बहुतेकांची थोडीफार फुगते आणि नळी दाबली जाते. मग रात्री तीन-चारदा उठावे लागते, धार बारीक होते, उठल्यावरही थेंब येत राहतात. हे झाले म्हणजे कॅन्सरच झाला असे मुळीच नाही. बहुतेक वेळा ती साधी वाढ असते. उलट सुरुवातीच्या कॅन्सरला बहुधा काहीच लक्षण नसते. काहींना तर थेट कंबर किंवा पाठ दुखू लागल्यावर, म्हणजे आजार हाडात गेल्यावर कळते.

थेंबांचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. कितीतरी बुजुर्ग मशिदीत येणे बंद करतात ते गुडघ्यांमुळे नव्हे, तर कपडे नापाक होतील या धास्तीने. घरात सांगत नाहीत, डॉक्टरला सांगत नाहीत. इमामसाहेबांना विचारायलाही लाजतात. हनफी असो की शाफई, ज्याला थेंब थांबवता येत नाहीत अशा माणसासाठी वुजू आणि नमाजची सवलत आपल्या फिकहमध्ये आहे. तपशील आपापल्या आलिमांना विचारावा. पण अब्बांनी अचानक जमात सोडली, लग्नकार्यात जाणे टाळू लागले, तर मुलांनी एकदा एकांतात, अदबीने विचारावे. यूरॉलॉजिस्टकडे पोहोचायला आपल्याकडे जो उशीर होतो, तो पुष्कळदा या लाजेपायी होतो.

आता मेसेजकडे येऊ.

कलौंजीच्या तेलात थायमोक्विनोन नावाचे द्रव्य असते. २००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ते प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवर वापरून पाहिले. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन ही जणू चावी. ती ज्या कुलपात बसते, त्याला अँड्रोजन रिसेप्टर म्हणतात. चावी कुलपात फिरली की पेशीला वाढायचा हुकूम मिळतो. थायमोक्विनोनने पेशीतली ही कुलपेच कमी झाली, पेशींची वाढ अडली आणि त्या मेल्या. कॅन्सर नसलेल्या प्रोस्टेट पेशींवर तसा परिणाम दिसला नाही. उंदरांच्या अंगात वाढवलेल्या गाठींचीही वाढ रोखली गेली. हे सगळे नामांकित नियतकालिकात छापून आले आहे. मेसेजवाल्याने हे मनाने रचलेले नाही.

हळदीतल्या कर्क्युमिनचेही असेच आहे. तेही या कुलपाची संख्या कमी करते, शिवाय पेशीत सूज पेटती ठेवणारे एक बटण असते ते दाबून धरते, आणि मग पेशी स्वतःहून मरणाच्या वाटेला लागते. टोमॅटोचा लाल रंग ज्याने येतो ते लायकोपीन, ग्रीन टीतली कॅटेचिन द्रव्ये, डाळिंबातली द्रव्ये या सगळ्यांनी काचेच्या बशीत हा चमत्कार करून दाखवला आहे.

पण या पेशी कोणाच्या? जगभरच्या प्रयोगशाळांत प्रोस्टेट कॅन्सरच्या ज्या पेशी वापरतात, त्यांतल्या एका प्रकाराला एलएनकॅप म्हणतात. १९७७ साली अमेरिकेत बफेलो येथे एका पन्नास वर्षांच्या रुग्णाच्या लसिका ग्रंथीतून त्या घेतल्या. दुसऱ्या पीसी-३, त्या १९७९ सालच्या, एका बासष्ट वर्षांच्या माणसाच्या हाडातल्या गाठीतून आलेल्या. तेव्हापासून त्या पेशी काचेच्या भांड्यात वाढत आहेत. तिथे त्यांना पोट नाही, आतडे नाही, यकृत नाही, रक्तवाहिनी नाही. शास्त्रज्ञ औषधाचा थेंब थेट पेशीवर टाकतो. तुमचे अब्बा मात्र तेल चमच्याने तोंडात घेतात. ते पोटात जाते, तिथून आतड्यात, मग यकृतात. यकृताचे कामच आहे की, परके द्रव्य दिसले की त्याचे रूप बदलून त्याला बाहेरची वाट दाखवायची.

हळदीचा हिशेब करून पाहा, मग ध्यानात येईल. शंभर ग्रॅम हळदीत कर्क्युमिन साधारण तीन ग्रॅम. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये १९९८ साली छापलेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना एका वेळी दोन ग्रॅम कर्क्युमिन दिले, तर रक्तात ते सापडलेच नाही म्हणावे इतके कमी निघाले. सोबत मिरीतले पिपरीन दिले तेव्हा प्रमाण वीसपट वाढले. "हळदीबरोबर काळी मिरी" हा जो सल्ला सगळीकडे फिरतो, त्याचे मूळ हे आहे. पण जवळजवळ शून्याची वीसपट म्हणजे किती? बशीतल्या पेशी मारायला जितके लागते, तिथवर ते पोचत नाही.

तरीही एखाद्याने म्हणावे की, हिशेब राहू द्या, माणसांवर करून पाहिले का? पाहिले आहे. आणि इथे दर वेळी एकच गोष्ट घडत गेली आहे.

डाळिंब घ्या. सूरह रहमानमध्ये ज्याचा उल्लेख आहे आणि आपल्या सोलापूरची ज्यावर मालकी आहे, असे हे फळ. २००६ साली लॉस एंजेलिसमधल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया किंवा रेडिएशननंतर पीएसए पुन्हा वाढू लागलेल्या ४६ रुग्णांना रोज एक पेला डाळिंबाचा रस दिला. आधी त्यांचे पीएसए सरासरी १५ महिन्यांत दुप्पट होत होते, रस सुरू केल्यावर त्याला ५४ महिने लागू लागले. जगभर बातम्या झाल्या. पण या प्रयोगात एक उणीव होती. ज्यांना रस दिला नाही, अशांचा गटच नव्हता. नंतर त्याच डॉक्टरांनी १८३ रुग्णांवर नीट प्रयोग केला. काहींना डाळिंबाचा अर्क, काहींना तसेच दिसणारे नुसते सरबत, आणि कोणाला काय मिळते ते कोणालाच माहीत नाही. २०१५ साली निकाल आला. दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही. नुसते सरबत पिणाऱ्यांचेही पीएसए मंदावले होते.

ग्रीन टीचे तेच. २००६ साली इटलीत ६० माणसांवर प्रयोग झाला. त्यांना कॅन्सर नव्हता, पण होण्याचा धोका होता. वर्षभरात ग्रीन टीचा अर्क घेणाऱ्या तीसपैकी एकाला कॅन्सर निघाला, न घेणाऱ्या तीसपैकी नऊ जणांना. पुढे अमेरिकेत ९७ जणांवर करून पाहिले, तर फरक ठरवता आला नाही. आणि कर्क्युमिनचे? फ्रान्समध्ये कॅन्सर पसरलेल्या रुग्णांना केमोथेरपीबरोबर, प्रत्येक फेरीत काही दिवस, रोज सहा ग्रॅम कर्क्युमिन दिले. पहिल्या छोट्या प्रयोगात उमेद वाटली. तुलनेसाठी दुसरा गट घेऊन केलेला पुढचा प्रयोग २०२१ साली छापला गेला. तो मध्येच थांबवावा लागला, कारण फायदा दिसण्याची आशा उरली नाही. सहा ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे दिवसाला सुमारे दोनशे ग्रॅम हळद, हेही लक्षात घ्या.

मग वनस्पतीत काहीच नाही का? असे मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. प्रोस्टेट कॅन्सर पसरल्यावर जी केमोथेरपी सर्वांत जास्त वापरली जाते, ती डोसिटॅक्सेल, एका झाडाच्याच पानांतून आलेली आहे. आणि त्या घराण्याचे पहिले औषध शोधणाऱ्या दोघांपैकी एक जण आपल्या नंदुरबारचा.

मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठात शिकले, मग अमेरिकेत गेले आणि नॉर्थ कॅरोलिनात मनरो वॉल यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. १९६२ साली अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या जंगलातून य्यू नावाच्या झाडाची साल गोळा केली गेली. तिचा अर्क बशीतल्या कॅन्सर पेशींवर टाकला तर पेशी मेल्या. म्हणजे भाईजानच्या मेसेजमध्ये जे वाक्य आहे, तेच वाक्य तेव्हाही लिहिता आले असते. फरक एवढाच की वाणी आणि वॉल तिथे थांबले नाहीत. सालीतून नेमके द्रव्य वेगळे काढून त्याची रचना शोधायला १९७१ उजाडले. ते काम कसे करते हे १९७९ साली न्यूयॉर्कच्या सुझान हॉरविट्झ यांनी दाखवले. पेशी दुभंगताना आत बारीक धाग्यांचा सांगाडा उभा राहतो आणि काम झाले की मोडतो. हे द्रव्य तो सांगाडा मोडू देत नाही, म्हणून पेशी अर्ध्यात अडकून मरते. रुग्णांसाठी औषधाला परवानगी मिळाली ती १९९२ साली. साल काढली की झाड मरते, ही मोठी अडचण होती. फ्रान्सच्या पिएर पोतिए यांनी युरोपातल्या य्यूच्या पानांतून द्रव्य काढून त्यापासून डोसिटॅक्सेल बनवले. पाने पुन्हा फुटतात.

वाणी २०२० साली वारले. नंदुरबारच्या शाळांत त्यांचा धडा असायला हवा, पण ते जाऊ द्या.

हेच य्यूचे पान गुरांनी चरले तर गुरे मरतात. औषध झाले ते मोजून, शुद्ध करून, रुग्णाची उंची-वजन पाहून, प्रत्येक फेरीआधी रक्त तपासून दिले म्हणून. आणि फायदा किती, तर तोही मोजलेला आहे. २०१५ साली छापलेल्या ७९० रुग्णांच्या प्रयोगात नुसत्या हार्मोनच्या उपचारावर असलेल्यांचे सरासरी आयुष्य ४४ महिने निघाले. त्याच उपचाराबरोबर सुरुवातीलाच डोसिटॅक्सेल दिलेल्यांचे सुमारे ५८ महिने. एका झाडाच्या पानाने वर्षाहून जास्त काळ दिला. पण बघा, हार्मोनचा उपचार दोन्ही गटांना चालूच होता. तो कोणाचाही बंद केलेला नव्हता.

हा उपचार म्हणजेच तुमच्या अब्बांचे इंजेक्शन. प्रोस्टेटचा कॅन्सर टेस्टोस्टेरॉनवर जगतो, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवले. त्याबद्दल १९६६ साली त्यांना नोबेल मिळाले. चावीच बनू द्यायची नाही, हा या इंजेक्शनचा हेतू. म्हणूनच गरम वाफा आणि थकवा येतो. चावी बनणे बंद झाल्याची ती खूण आहे.

आता तुमच्या पत्रातला सर्वांत नाजूक प्रश्न. इंजेक्शन बंद, तरी पीएसए कमी कसे? बहीण, तीन महिन्यांच्या इंजेक्शनचा अंमल तीन महिन्यांनी घड्याळ लावल्यासारखा संपत नाही. औषध ओसरल्यावरही, विशेषतः वयस्क माणसात, टेस्टोस्टेरॉन पुन्हा तयार व्हायला आणखी कित्येक महिने लागतात. तोवर पीएसए खालीच राहू शकते. आज जे दिसते आहे तो बहुधा जुन्या इंजेक्शनचाच असर आहे आणि श्रेय तेलाच्या बाटलीला जाते आहे. टेस्टोस्टेरॉन परतले की पीएसए चढू लागेल. तोवर पाठीच्या मणक्यातली गाठ वाढून मज्जारज्जूवर दाब आला तर पाय लुळे पडू शकतात, लघवी अडकू शकते. असे रुग्ण मी पाहिले आहेत. तशा वेळी हातात काही तास असतात.

"पण हे नैसर्गिक आहे, नुकसान तर नाही ना?" हा प्रश्न अम्मी विचारतील. १९९०च्या दशकात अमेरिकेत आठ जडीबुटींचे एक मिश्रण प्रोस्टेट कॅन्सरवर विकले जाई, पीसी-स्पेस नावाचे. पीएसए खरोखर उतरायचे. डॉक्टरही चकित झाले. २००२ साली तपासणीत निघाले की, त्यात कारखान्यात बनवलेले स्त्री-हार्मोन आणि रक्त पातळ करणारे वॉरफेरिन मिसळलेले आहे. मिश्रण बाजारातून मागे घेतले गेले. पुड्या आणि बाटल्या विकणारे आपल्याकडे कमी आहेत का? मशिदीबाहेर, उरुसात, आता मोबाइलवर. शुद्ध मालही मोठ्या मात्रेत निरुपद्रवी नसतो. मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूलनी आणि ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आणि व्हिटॅमिन ई? ते प्रोस्टेट कॅन्सर टाळील म्हणून अमेरिकेत पस्तीस हजारांहून अधिक पुरुषांवर प्रयोग झाला. २०११ साली निकाल आला की, ते घेणाऱ्यांत कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त आढळला.

कालवणातल्या हळदीला, नानवरच्या कलौंजीला, घरच्या डाळिंबाला यातले काहीही लागू नाही. ते खुशाल खावे.

राहिला ईमानाचा प्रश्न, जो तुम्ही शेवटी विचारला आहे. कलौंजीबद्दलची हदीस सहीह बुखारीत आहे आणि ती आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर. पण तिचा अर्थ लावताना इब्न कय्यिम यांच्यासारख्या मोठ्या आलिमांनी तो थंड प्रकृतीच्या आजारांशी जोडला. कलौंजी घेतली म्हणजे दुसरा इलाज सोडावा, असे हदीसमध्ये कुठेच नाही. उलट अबू दाऊद यांच्या संग्रहात हजरत सअद (रजि.) यांचा प्रसंग आहे. ते आजारी पडले तेव्हा प्रेषित (स.) त्यांना भेटायला आले, छातीवर हात ठेवला आणि सकीफ कबिल्यातल्या हारिस बिन कलदाकडे जायला सांगितले, कारण तो वैद्यकी जाणणारा होता. त्याच वेळी मदीनेच्या सात अजवा खजुरांचा उपायही सांगितला. खजूरही आणि हकीमही. भाईजानना हा प्रसंग माझ्या वतीने सांगा, मोबाइलवर पाठवू नका, समोर बसून सांगा.

आता काय करायचे ते लिहितो. इंजेक्शनची तारीख टळून गेली आहे, तेव्हा पुढच्या महिन्याची वाट न पाहता याच आठवड्यात अब्बांना त्यांच्या डॉक्टरांकडे न्या. जाताना तेलाची बाटली, कॅप्सूलची डबी, जे जे चालू आहे ते सगळे एका पिशवीत घालून त्यांच्या टेबलावर ठेवा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. रागावलेच तर दोन मिनिटे ऐकून घ्या. पीएसएबरोबर टेस्टोस्टेरॉनची तपासणीही करता येईल का, ते विचारा. त्या एका आकड्याने भाईजानचा गैरसमज दूर होईल. गरम वाफा आणि थकवा यांची तक्रार अब्बांनी स्वतः सांगावी, त्यावर औषधे आहेत आणि रोजच्या चालण्यानेही फरक पडतो. इंजेक्शन खर्चामुळे सुटले असेल आणि ते घरात कोणी बोलत नसेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

आणि मध्येच अब्बांच्या पाठीत नवे दुखणे सुरू झाले, पायात मुंग्या किंवा अशक्तपणा वाटला, लघवी अडली, तर तारीख-वार, दिवस-रात्र काही न बघता थेट मोठ्या रुग्णालयात जायचे. पत्राचे उत्तर आले की मलाही कळवा.